रिमोट चावी अचानक बंद पडली तर: सोलापुरातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

मार्चमध्ये ऊन चढायला लागलं की चावीच्या तक्रारीही वाढतात. बटण दाबलं, गाडीने दाद दिली नाही, की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो नव्या चावीचा. शोरूममध्ये नवी स्मार्ट चावी हजारांच्या घरात जाते. आणि खरा बिघाड पुष्कळदा शंभर रुपयांच्या आतल्या सेलमध्ये, दाराच्या हँडलवरच्या रबरी बटणात किंवा गाडीच्याच बॅटरीत असतो. पैसे काढण्याआधी नेमकं काय बंद पडलंय ते घरच्या घरी ओळखता यावं, म्हणून हे प्रश्न एकत्र केले आहेत. तातडीचे आधी घेतलेत.

लहान मूल गाडीत आहे, चावीही आतच आहे आणि दारं लॉक झाली. काय करू?

मूल उन्हात असेल, रडून दमलं असेल, घामाघूम किंवा गप्प झालं असेल, तर काच फोडा. चावीवाल्याची वाट बघू नका, दुसरी चावी आणायला कुणाला होटगी रोडला पिटाळू नका. बाहेर चाळीस-बेचाळीस अंश असताना बंद गाडीतली हवा काही मिनिटांत जिवावर बेतण्याइतकी तापते, आणि लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं.

मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच निवडा. पुढच्या काचेच्या नादी लागू नका. तिच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, त्यामुळे ती तडकते पण मोकळी होत नाही. बाजूच्या काचेवर मधोमध मारलेला घाव बऱ्याचदा वाया जातो. कोपऱ्यात, टोकदार किंवा जड वस्तूने मारा: पाना, जॅकचा दांडा, टोकाचा दगड. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी ११२ ला फोन लावायला सांगा. मूल बाहेर आलं की सावलीत घ्या, अंग ओल्या फडक्याने पुसा आणि रडं थांबलं तरी डॉक्टरांना दाखवा.

हे घडतं कसं? रिमोटने लॉक उघडल्यावर ठरावीक वेळात, बऱ्याच गाड्यांत साधारण अर्ध्या मिनिटात, एकही दार उघडलं नाही तर गाडी स्वतःहून पुन्हा लॉक होते. शिवाय चावीचा सेल उतरला असेल तर चावी आत आहे हे गाडीला कळतच नाही. म्हणून मुलाला आधी बसवायचं असलं तरी चावी सीटवर टाकू नका. खिशात ठेवा, किंवा तेवढा वेळ ड्रायव्हरकडची काच खाली ठेवा.

गाडी बाहेर उभी आहे, रिमोट पूर्ण मेलाय. दार कसं उघडायचं?

बहुतेक स्मार्ट चाव्यांच्या पोटात लोखंडी चावीचं पातं लपवलेलं असतं. चावीच्या कडेला किंवा पाठीला छोटी खिट्टी असते. ती सरकवून पातं ओढा. आता दारात त्याचं भोक दिसत नाही म्हणून लोक घाबरतात. ड्रायव्हरच्या दाराचं हँडल नीट पाहा. काही गाड्यांत भोक उघडंच असतं, काहींत ते हँडलच्या टोकाच्या प्लास्टिकच्या टोपणाखाली झाकलेलं असतं. त्या टोपणाला खालून बारीकशी खाच असते. पात्याच्या टोकाला रुमाल गुंडाळून तिथून अलगद वर उचला, म्हणजे रंगाला ओरखडा पडणार नाही.

पात्याने दार उघडलं की अलार्म वाजू शकतो. वाजू द्या. गाडीने चावी ओळखून इग्निशन चालू झालं की तो थांबतो.

वर्षानुवर्षं न वापरलेलं कुलूप धुळीने जाम झालेलं असतं. त्यामुळे वर्षातून एकदोनदा तरी पात्याने दार उघडून बघत जा. फार जोर लावू नका. पातं वाकलं की काम वाढतं.

दार उघडलं, पण पुश बटण दाबल्यावर 'चावी सापडत नाही' असं दाखवतंय.

चावीचा सेल पूर्ण संपला तरी गाडी चालू होते. चावीत इमोबिलायझरची, म्हणजे चावीची ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची, एक चिप असते आणि तिला सेलची गरज नसते. गाडीतली कॉइल जवळून चुंबकीय क्षेत्र सोडते, तेवढ्यावर चिप जागी होते आणि आपला कोड सांगते. फक्त चावी अगदी चिकटवून धरावी लागते.

कुठे चिकटवायची ते कंपनीवर आहे. ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत चावीनेच स्टार्ट बटण दाबायचं असतं. मारुती सुझुकी आणि टोयोटाच्या बऱ्याच मॉडेलांत चावी स्टार्ट बटणाला टेकवून मग बटण दाबतात. टोयोटात चावीची चिन्ह असलेली बाजू बटणाकडे हवी. इतर काही गाड्यांत कन्सोलमध्ये, कप ठेवायच्या खळग्यात किंवा स्टीअरिंगच्या दांड्यावर ठरलेली जागा असते. ओनर्स मॅन्युअलमधल्या त्या पानाचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा. ऐन वेळी मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये आणि आपण बाहेर, असं होतं. ब्रेक किंवा क्लच नेहमीसारखा दाबायचाच आहे, हेही गडबडीत विसरू नका.

नेमकं काय बिघडलंय ते घरी कसं ओळखू?

सगळ्या तपासणीची सुरुवात दुसऱ्या चावीपासून होते. कपाटातली चावी काढा आणि तीच कामं तिने करून पाहा. दुसरी चालली तर दोष पहिल्या चावीत. दोन्ही चालत नसतील तर दोष बहुधा गाडीत. एवढ्या एका परीक्षेने अर्धा गोंधळ मिटतो, आणि तरी लोक ती न करताच दुकान गाठतात. एकच काळजी घ्या: तपासताना पहिली चावी गाडीपासून बरीच लांब ठेवा. नाहीतर कुठल्या चावीला गाडी ओळखतेय ते कळणार नाही.

आता चावीच्या आतलं. दिसायला एकच वस्तू असली तरी तिच्यात तीन वेगवेगळी कामं चालतात.

पहिलं, बटणाचं काम. तुम्ही लॉक-अनलॉक दाबता आणि चावी रेडिओ लहर सोडते. भारतातल्या गाड्यांत ती साधारणपणे ४३३.९२ मेगाहर्ट्झवर असते. दुसरं, खिशातून न काढता दार उघडण्याचं काम. हँडलला हात लावला की गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास कमी पल्ल्याची हाक मारते, आणि ती ऐकून चावी ओ देते. ही हाक दारापासून जेमतेम मीटरभर पोचते. तिसरं, वर सांगितलेल्या बिनसेलच्या चिपचं काम.

यावरून अंदाज बांधा. बटणं चालत नाहीत, हँडलही दाद देत नाही, पण चावी टेकवल्यावर गाडी चालू होते: सेल संपलाय, किंवा सेलचा पत्रा नीट टेकत नाही. बटणं लांबूनही छान चालतात, पण हँडल कुठल्याच दाराला दाद देत नाही: चावीतली हाक ऐकणारी कॉइल तुटली असण्याची शक्यता आहे, आणि ती चावी फरशीवर आपटल्याने तुटते. आधी मात्र गाडीच्या स्क्रीनवरच्या मेनूमधून हँडलने दार उघडण्याची सोय कुणी बंद केली नाही ना, ते पाहा. फक्त ड्रायव्हरच्या दाराचं हँडल दाद देत नाही, बाकीची देतात: चावी चांगली आहे, त्या हँडलमधलं बटण किंवा सेन्सर गेलंय. बाकी सगळं ठीक आणि एकच बटण मेलंय: त्या बटणाखालचा छोटा स्विच झिजलाय. चांगला मोबाइल दुरुस्तीवाला तो डागून बदलू शकतो, अख्खी चावी टाकायची गरज नाही.

बटण दाबताना चावीवरचा बारीक दिवा लागतो का, हेही बघा. दिवा लागला म्हणजे सेल भक्कम आहे असं मात्र नाही. दिव्याला लागते त्यापेक्षा लहर सोडायला जास्त ताकद लागते, आणि उतरता सेल दिवा लावतो पण पल्ला देत नाही. पूर्वी वीस पावलांवरून उघडणारी गाडी आता दाराशी गेल्यावरच उघडते, ही सेल संपत आल्याची सर्वांत भरवशाची खूण.

सेल कुठला घ्यायचा?

जुन्या सेलवर जो नंबर कोरलाय तोच. बहुतेक चाव्यांत सीआर२०३२ असतो, पण काहींत सीआर२०२५, सीआर२०१६, सीआर१६२० किंवा सीआर१६३२ही असतो. नंबरातच माप असतं: २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. २०२५ सेल २०३२ च्या जागी बसल्यासारखा वाटतो, चारदोन दिवस चालतोही, पण ०.७ मिलिमीटरची फट राहते आणि खड्ड्यात गाडी आदळली की संपर्क तुटतो. कागद घालून फट भरण्याचा उद्योग करू नका.

नवी पेठेत घड्याळाच्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हे सेल मिळतात. सुटा, उघडा दिलेला सेल घेऊ नका. बंद पाकीट घ्या आणि त्यावरची मुदत वाचा. दुकानदाराकडे मीटर असेल तर तपासून मागा: नवा सेल ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. २.८ च्या खाली असलेला सेल चावीत काही उपयोगाचा नाही.

सेल मी स्वतः बदलू शकतो का? चावीतला कोड उडून जाईल का?

बदलू शकता. कंपनीच्या चावीत कोड कायमच्या स्मृतीत असतो, सेल काढल्याने तो जात नाही.

पातं काढलं की त्या जागी चपटी खाच दिसते. तिथे छोटा स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच पिळा, चावीचे दोन भाग सुटतात. सेल कुठली बाजू वर ठेवून बसवलाय त्याचा फोटो काढा. जुना सेल लाकडी टूथपिकने उचला. लोखंडी टोक सर्किटवर घसरलं तर तिथेच नुकसान. नवा सेल कडेने धरा, बोटांचं तेल लागलं तर कोरड्या सुती फडक्याने पुसा. पितळी पत्रे चपटे झाले असतील तर टूथपिकनेच केसभर वर उचला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लोकांच्या चाव्यांत मला नेहमी एक गोष्ट दिसते: खाचेतून आत गेलेली सुताची तूस, पत्रा आणि सेल यांच्या मध्ये पापुद्र्यासारखी बसलेली. सेल नवा घालतात, तूस तशीच राहते, आणि चावी पुन्हा बंद. मऊ ब्रशने ती झाडून काढा.

बंद करताना कडेचं रबर जागेवर बसलंय ना, बघा. पाऊस आणि घाम तेच अडवतं.

नवा सेल घातला तरी चालेना.

सेल उलटा बसलाय का? पाकिटातल्या सेलवर पारदर्शक चिकटपट्टी राहिली आहे का? या दोन गोष्टी आधी.

मग येतो कोडचा ताळमेळ. प्रत्येक दाबाला चावी नवा कोड पाठवते आणि गाडी तिच्यासोबत मोजणी पुढे नेते, म्हणजे कुणी जुना कोड पकडून ठेवला तरी त्याचा उपयोग होत नाही. घरात मुलाने चावी खेळणं म्हणून शेकडो वेळा दाबली तर चावी पुढे जाते, गाडी मागे राहते. काही गाड्यांत गाडीजवळ उभं राहून लॉकचं बटण लागोपाठ दोनदा दाबलं किंवा एकदा इग्निशन चालू केलं की दोघं पुन्हा जुळतात. नाही जुळलं तर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र, लावून जुळवावं लागतं.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात चावीचा उजेड दिसत नाही, म्हणजे चावी गेली ना?

नाही. ती परीक्षा टीव्हीच्या रिमोटची आहे, तो अवरक्त किरण सोडतो. गाडीची चावी रेडिओ लहर सोडते, ती कॅमेऱ्यात दिसत नाही.

घरी चालते, पण ठरावीक ठिकाणी गाडी उघडतच नाही.

तिथे दुसऱ्या लहरींची गर्दी आहे. याच पट्ट्यात गेटचे रिमोट, इतर गाड्यांच्या चाव्या आणि टायरमधल्या हवेचे सेन्सर बोलत असतात, आणि एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर, इन्व्हर्टर, मोठ्या मोटारी यांचा विजेचा गोंगाट वर मिसळतो. जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास गाडी लावली तर पाळणे, जनरेटर आणि दिव्यांच्या माळांजवळ असा त्रास होऊ शकतो. चावी दाराच्या अगदी जवळ धरा, गाडीच्या दुसऱ्या बाजूने करून बघा, नाहीतर पातं वापरा.

पुष्कळदा अडथळा आपल्याच खिशात असतो. मोबाइल, पॉवर बँक आणि चावी एकाच खिशात ठेवली की हाक चावीपर्यंत पोचेलच असं नाही. गाडीत वायरलेस चार्जरवर किंवा त्याच्या शेजारी चावी ठेवू नका. पायाखालच्या सॉकेटात लावलेला स्वस्त चार्जर किंवा डॅशकॅमही गोंधळ घालतो. तो काढून बघा.

आणि लॉक केल्यावर हँडल एकदा ओढून पाहायची सवय लावा. जवळ अडथळा आणणारं यंत्र ठेवून लॉकची लहर दाबून टाकायची ही चोरीची जुनी रीत आहे.

दोन्ही चाव्या एकदम बंद झाल्या.

दोन सेल एकाच दिवशी मरत नाहीत. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी तपासा. आतला दिवा मंद लागतो का, हॉर्न घसा बसल्यासारखा येतो का, बटण दाबल्यावर नुसतं टकटक होतं का?

बंद गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतं. १२ च्या खाली ती रिकामी समजा. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ दिसायला हवं. दिसत नसेल तर दोष अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या, बाजूचा असू शकतो, आणि नवी बॅटरी घालूनही तीच वेळ पुन्हा येईल. लोकांना वाटतं बॅटरी थंडीत मरते. थंडीत ती उघडी पडते एवढंच, तिला मारतो आपला उन्हाळा. उष्णतेने आतल्या पट्ट्या लवकर गंजतात आणि पाणी उडतं. सावलीत गाडी लावणं म्हणजे बॅटरीच्या खर्चातली फुकटची बचत आहे.

जंप स्टार्टचा क्रम: लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.

दारं उघडतात, दिवे लागतात, चावीचा इशाराही नाही, पण इंजिन फिरत नाही.

ब्रेकचा स्विच बघा. ब्रेक दाबल्याचं गाडीला कळल्याशिवाय पुश स्टार्ट चालत नाही. कुणाला तरी मागे उभं करा आणि ब्रेक दाबा. मागचे दिवे लागले नाहीत तर पेडलजवळचा छोटा स्विच किंवा फ्यूज गेलाय. गिअरच्या गाडीत हेच काम क्लचचा स्विच करतो, आणि ऑटोमॅटिकमध्ये लीव्हर 'पी'त हवा. या एका स्विचपायी लोक चाव्या बदलून बसलेत, म्हणून याला वेगळा प्रश्न दिला.

गाडी चालू ठेवून कुणाला सोडलं आणि चावी त्यांच्याच खिशात गेली तर?

गाडी चालू राहते, फक्त चावी नसल्याचा इशारा येत राहतो. चालत्या गाडीचं इंजिन सुरक्षेसाठी बंद केलं जात नाही. पण एकदा बंद केलं की पुन्हा चालू होणार नाही. स्टेशनवर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसला साहेबांना सोडलं, बाईंनी स्टीअरिंग हातात घेतलं आणि चावी कुर्डुवाडीच्या पुढे गेली, असं होतं. इशारा दिसला तर इंजिन बंद न करता सरळ घरी जा आणि दुसरी चावी हातात आल्यावरच गाडी बंद करा.

चावी कपड्यांबरोबर मशिनमध्ये धुतली गेली.

बटण दाबून बघू नका. लगेच उघडा आणि सेल काढा. ओल्या सर्किटमधून वीज वाहिली की तांब्याच्या रेषा हिरव्या पडायला लागतात. साबणाचं पाणी गेलं असेल तर सर्किट आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मऊ ब्रशने धुवा. मग पंख्याखाली दिवसभर वाळू द्या. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, कणी आणि पीठ आत जातं. डॅशबोर्डवर उन्हातही नको. वाळल्यावर नवा सेल घाला.

सेल वारंवार का संपतो?

चावी कुठे टांगता ते सांगा. पोर्चमध्ये गाडी आणि दाराआडच्या खुंटीवर चावी असेल तर दोघांचं रात्रभर बोलणं चालू राहू शकतं. टीव्ही, लॅपटॉप, चार्जर यांच्यापासूनही चावी मीटरभर लांब ठेवा. त्यांच्या चुंबकीय क्षेत्राने ती उगाच जागी होते. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चावी कधीच नको. बऱ्याच कंपन्या या सेलची मर्यादा ६० अंश सांगतात, आपल्याकडचा मे महिन्यातला डॅशबोर्ड ती सहज ओलांडतो.

जुन्या गाडीला बाहेरून सेंट्रल लॉक बसवलंय, त्याचा रिमोट बंद आहे.

त्यात बहुधा १२ व्होल्टचा नळीसारखा सेल असतो, २३ए किंवा २७ए. दोन्हींची लांबी जवळपास सारखी, जाडी वेगळी. जुना दाखवूनच घ्या.

जुना सेल मुलाने तोंडात घातला असावा, अशी शंका आहे.

शंकाच पुरे आहे, लगेच निघा. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं, आणि उतरलेला सेलही घातक ठरू शकतो. उलटी करवू नका. सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, आणि सेलचा नंबर सांगून एक्स-रे काढायला लावा. जुने सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

चावी हरवली. शोरूम की चावीवाला?

एक चावी शिल्लक असेल तर काम सोपं आणि स्वस्त. दोन्ही गेल्या तर खर्च बराच वाढतो, म्हणून एक हरवली की दुसरी लगेच करून घ्या. शोरूमला आरसी, ओळखपत्र आणि गाडी घेताना मिळालेला चावीचा नंबर कोरलेला पत्रा लागतो. बाहेरचा जाणकार चावीवालाही यंत्र लावून नवी चावी नोंदवू शकतो, आणि हे काम चांगलं करणारी माणसं सोलापुरात आहेत. पण चावी त्याच्याकडे सोडून जाऊ नका, समोर उभं राहून करून घ्या. काम झाल्यावर गाडीत एकूण किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते स्क्रीनवर दाखवायला सांगा आणि हरवलेली रद्द करून घ्या.

विम्यात चावीचं जोडकव्हर घेतलं असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद करून पावती जपा.

जुनी गाडी घेतोय. चावीबाबत काय बघू?

दोन्ही चाव्या मागा. उद्या गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. प्रत्येकीने चारही कामं करून पाहा: बटणाने दार, हँडलने दार, पात्याने दार, पुश स्टार्ट. एकच चावी मिळत असेल तर नव्या चावीचा खर्च किमतीतून वजा करा, आणि गाडी ताब्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात जुन्या नोंदी पुसून फक्त तुमच्याकडच्या चाव्या नोंदवून घ्या.